हात थरथरत नाहीत पण पाय अडकतायत? घरच्यांनी काय बघायचं, काय करायचं

आमचे आप्पा तासगावकडचे, सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. दोन वर्षांमागं त्यांची पावलं एकदम बारीक झाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले की पाय चिकटल्यासारखे जागच्या जागी घासत उभे राहायचे. हाताला थरथर अजिबात नाही, खुर्चीत बसून शेंगा आरामात फोडायचे. लोक म्हणाले वय झालं, मग एका दवाखान्यात पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक पडेना म्हणून डोस वाढत गेला, आणि शेवटी मिरजेला न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय केला तेव्हा कळलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत गेल्यात, व्हॅस्क्युलर पार्किन्सनिझम. बीपी वीस वर्षांचं, गोळी आठवली तर घेतली. हे आधी माहीत असतं तर बरंच टळलं असतं, म्हणून लिहितोय.

साधा पार्किन्सन बहुतेक एका बाजूनं सुरू होतो, बऱ्याचदा एका हाताच्या थरथरीनं, आणि लिवोडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधानं छान फरक पडतो. व्हॅस्क्युलरमध्ये बहुतेक त्रास कमरेखाली, आणि तो बऱ्याचदा पायरी पायरीनं वाढतो, चार महिने तसंच आणि एक दिवस अचानक जास्त. पार्किन्सनसारखे दिसणारे आणखीही मेंदूचे आजार आहेत, पीएसपी, एमएसए, सीबीडी, लेवी बॉडी ही त्यांची नावं. माणूस पहिल्या एक-दोन वर्षांतच मागच्या मागं पडायला लागला, खाली नजर जाईना, ताटातली भाजी दिसेना, जिना उतरताना पायरी चुकायला लागली तर पीएसपीचा विचार करावा लागतो. उठल्यावर चक्कर, लघवीवर ताबा नाही, असं असेल तर एमएसए. एकच हात ऐकेनासा झाला, बटण लावता येईना, तर सीबीडी. नसलेली माणसं, लहान पोरं घरात दिसायला लागली तर लेवी बॉडी, आणि अशा पेशंटला झोपेसाठी किंवा शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर फार बिघडू शकतं, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

आता महत्त्वाचं. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या. चक्करची सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रमाइड, आणि ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये घातलेलं लेवोसल्पिराइड, यांनीसुद्धा हुबेहूब पार्किन्सनसारखा ताठपणा येतो, आणि औषध थांबवलं की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत बहुतेकांचा उतरतो. पण डॉक्टरांना विचारून थांबवा. तसंच चालणं, लघवी आणि विसरभोळेपणा तिन्ही एकत्र आलं तर डोक्यात पाणी साठलंय का ते विचारा, कारण त्याला ऑपरेशन आहे.

मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, खुर्चीतून उठणं, दहा पावलं चालणं, वळणं. दवाखान्यात गेलं की आप्पा नेमके नीट चालायचे. घरचं बीपी मशीन असेल तर पाच मिनिटं झोपवून एकदा मोजा, उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी परत, वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर लिहून न्या, लिवोडोपानं तो आणखी उतरू शकतो.

लिवोडोपा व्हॅस्क्युलर आणि वरच्या इतर आजारांच्या पेशंटना कमी लागू पडतं पण काहींना पडतं, म्हणून पुरेशा डोसनं महिनाभर तरी बघायला डॉक्टर सांगतात, जेवणाआधी अर्धा तास. एकदम बंद करू नका. व्हॅस्क्युलरमध्ये खरं काम बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सांभाळणं आणि तंबाखू-मिश्री सोडणं, गेलेलं परत येत नाही पण पुढची पायरी अडवता येते.

पाय अडकले की ओढू नका, ओढलं की माणूस तोंडावर पडतो. थांबवा, श्वास घेऊ दे, मग पुढच्या पावलासाठी खूण द्या. आम्ही उंबऱ्याआधी फरशीवर हळदी रंगाची चिकटपट्टी हातभर अंतरानं आडवी लावली आणि माझी बायको म्हणायची, "आप्पा, सरी ओलांडा," की ते बरोब्बर पाय उचलायचे, जन्मभर सऱ्यांतनं चाललेला माणूस. वळताना जागेवर गिरकी नको, मोठा वळसा. सतरंज्या, पायपुसणी उचला, संडासात धरायला दांडी आणि कमोड, रात्री लाईट, धोतराऐवजी इलॅस्टिकचा पायजमा. फिजिओथेरपी रोज हवीच, दोन दिवस सोडली की लगेच जाणवतं.

जेवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा घास. पाणी आणि चहानं ठसका लागत असेल तर ज्वारीच्या पिठाची पेज किंवा घट्ट ताक सोपं जातं, कारण पातळ पदार्थ श्वासनलिकेत लवकर जातात. जेवल्यावर अर्धा तास आडवं नको. ठसका रोजचाच झाला की गिळण्याची तपासणी करून घ्या, छातीत कफ होऊन न्यूमोनिया होतो.

आणि एखाद दिवशी अचानक तोंड वाकडं, बोबडी वळली, एक हात गळाला, तर सकाळी बघू म्हणून थांबू नका, हा मेंदूचा झटका, म्हणजे लकवा असू शकतो, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुतेक वेळा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तालुक्याला फेरी न मारता सरळ सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्या आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळ बघून सांगा.