पुरात, दरडीत ड्रोन उडवताना या चुका टाळा

पुण्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरतं. अशा वेळी ड्रोन पडतो तो अनेकदा उडवण्याआधीच्या सेटिंगमुळे.

सगळ्यात महागात पडते 'रिटर्न टू होम'ची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परततो ती उंची. ती उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नाही. २०१४ साली माळीणला दरड कोसळली, तशा डोंगराळ भागात पायथ्याशी उभं राहून ती ६० मीटर ठेवली आणि ड्रोन ८० मीटर उंच सोंडेला वळसा घालून पलीकडे गेला, की सिग्नल तुटताच तो सरळ रेषेत परततो आणि उतारावर आदळतो. वाटेतला सर्वांत उंच माथा, टॉवर, विजेच्या तारा बघा आणि त्यावर किमान २० मीटर ठेवा. बोटीवरून उडवत असाल तर होम पॉइंट, म्हणजे ड्रोन परत येण्याची नोंदलेली जागा, बोटीबरोबर सरकत नाही. तो वारंवार बदला, नाहीतर ड्रोन पाण्यात उतरेल.

वाहत्या पाण्यावर फार खाली उतरू नका. पोटाखालचा सेन्सर हलत्या पृष्ठभागालाच जमीन समजतो आणि ड्रोन प्रवाहाबरोबर सरकू लागतो. शक्यतो १५ मीटरच्या वरच राहा.

जाताना वारा पाठीशी असेल तर परतीला बॅटरी दुपटीने खर्च होऊ शकते. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जा, आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की काम टाकून परत फिरा. पावसात टिकण्याचं रेटिंग नसलेला ड्रोन पावसात काढूच नका.

उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला पाण्याखालचा माणूस दिसत नाही. दुपारी तापलेल्या पत्र्यांत माणसाची आकृती हरवते. पहाटेची वेळ उत्तम.

दिसलेलं ठिकाण कळवताना होणारी गफलत तर जिवावर बेतते. दशांशातला अक्षांश १८.४७५० कुणी '१८ अंश ४७ मिनिटं' असा वाचला, तर एकतानगरीऐवजी बोट सुमारे ३४ किलोमीटर उत्तरेला, चाकणच्या बाजूला निघेल. एकच पद्धत आधी ठरवा, आकडे परत वाचून घ्या, सोबत इमारतीचं नाव सांगा.

लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशा तपासा आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या समन्वयाशिवाय उडवू नका. हेलिकॉप्टरचा आवाज कानावर आला, की शूटिंग अर्धवट सोडून लगेच खाली उतरवा.