सतरा इंचांवरून चौदावर

जुनी स्विफ्ट एलएक्सआय घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला १७ इंची अलॉय (मिश्रधातूच्या) रिम आणि २०५/४५ टायर बसवलेले होते. दिसायला झकास, पण इंदूरहून देवासच्या टेकडीवर आईला नेलं की परतताना तिची कंबर धरायची. पावसाळ्यात एका खड्ड्यात पुढच्या टायरला फुगाही आला.

कारण सरळ आहे. २०५ ही टायरची मिमीमधली रुंदी; तिचे ४५ टक्के म्हणजे टायरची भिंत (रिमपासून रस्त्यापर्यंतची उंची) जेमतेम ९२ मिमी. धक्का सोसायला रबर आणि हवा उरतच नाही. या मॉडेलला कंपनीकडून येतो तो १६५/८० आर१४, म्हणजे १४ इंची रिमचा टायर. त्याची भिंत १३२ मिमी, आणि पूर्ण व्यास जवळजवळ तेवढाच: ६२० विरुद्ध ६१६ मिमी.

दुकानातले भिया म्हणाले, "१४ मध्ये १८५/६५ टाका ना, रुंद दिसेल." मी कागदावर हिशोब मांडला: व्यास ५९६ मिमी. म्हणजे गाडी १२ मिमी खाली बसणार आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा चार टक्के जास्त दाखवणार. इथल्या स्पीडब्रेकरवर मला ते नकोच होतं!

साध्या लोखंडी रिम घेतल्या, चार नटांच्या, १०० पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये), मधलं भोक ५४.१ मिमी. हे भोक जरूर मोजून घ्या. मोठं असलं तर स्टिअरिंग थरथरतं. हवेचा दाब दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे ठेवला, अलाइनमेंट केली.

वळणावर गाडी आता थोडी झुकते, स्टिअरिंग मात्र हलकं झालंय. गेल्या रविवारी आई देवासहून येताना चक्क झोपली होती.