परदेशातला निवास परवाना रखडला, तर सोलापुरातून काय करता येते

मुलगा म्युनिकला, लेक टोरंटोला आणि आईवडील जुळे सोलापुरात, अशी घरे आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. २०२० साली कोविडमुळे तिकडची कार्यालये बंद झाली, परवान्यांची नूतनीकरणे अडकली आणि इकडच्या माणसांची झोप उडाली. अशी वेळ पुन्हा आलीच, तर कामाला लागण्याचा क्रम असा ठेवा.

पहिला प्रश्न एकच विचारा: परवान्याची मुदत संपायच्या आत अर्ज गेला का? नवे कार्ड उशिरा मिळाले तर निभावते. अर्जच उशिरा गेला तर माणूस अडचणीत येतो. कॅनडात मुदतीत अर्ज केला की निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर राहता येते, वर्क परमिट असेल तर कामही करता येते. जर्मनीत जुना परवाना तोवर चालू धरतात आणि तसा दाखला देतात. त्याला फिक्ट्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. इटलीत पोस्टातून अर्ज पाठवल्याची पावतीच कामाला येते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावाल्याच्या कंपनीने वेळेत अर्ज केला असेल, तर जुनी मुदत संपल्यावरही त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. म्हणून पावतीची एक प्रत सोलापूरच्या घरीही ठेवा.

भेटीची वेळ मिळत नसेल तर नुसते वाट पाहत बसू नये. संकेतस्थळावर जागा नसल्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा, कार्यालयाला ईमेल करावा, जमल्यास पोच मिळेल असे पत्रही पाठवावे. आपण वेळेत धडपड केली होती, हे पुढे कागदावर दाखवता आले पाहिजे.

सरकारने सवलत जाहीर केली तर मूळ आदेश वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नव्हे. इटलीने परवान्यांची मुदत ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली आणि पुढे ती वाढत गेली. संयुक्त अरब अमिरातीत उलटे झाले: वर्षअखेरपर्यंत दिलेली सवलत जुलै २०२० मध्येच मागे घेतली आणि नूतनीकरणासाठी ठरावीक महिने दिले. डिसेंबरच्या भरवशावर निवांत बसलेल्यांची तेव्हा किती धावपळ झाली असेल! सवलत असली तरी अर्ज करून टाकावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज प्रलंबित असताना गड्ड्याच्या जत्रेला किंवा घरच्या लग्नाला येण्याचा मोह होतो. आईबापांनीच मुलांना थांबवावे. अनेक देशांत पावतीवर राहता येते, पण तिच्यावर परत आत शिरता येईलच असे नाही. तिकीट काढण्याआधी तिथल्या कार्यालयाला किंवा वकिलाला विचारावे.

आता इकडची कामे. ही मात्र आजच करून ठेवण्यासारखी आहेत. जन्म किंवा विवाहाचा दाखला शहरातला असेल तर महापालिकेत, गावचा असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो. जुन्या जन्मनोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. ते आधी घालून घ्या. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड घरांतली आडनावे इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिली जातात. दाखला, पदवी आणि पासपोर्ट यांतली स्पेलिंगे एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा, कारण एका अक्षरावरून अर्ज परत येऊ शकतो. पदवी २००४ पूर्वीची असेल तर तिची पडताळणी सोलापूर विद्यापीठ करणार नाही, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जावे लागेल. त्यानंतर राज्य शासनाचे साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे ते मानणाऱ्या देशांसाठी कागद खरा असल्याचा शिक्का. अमिरातीसाठी दूतावासाचा शिक्का. टाळेबंदीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसही बंद होती, या शिक्क्यांसाठी मुंबईला जाणार कसे? हे सगळे आधी करून स्कॅन केलेल्या प्रती मुलांकडे पाठवून द्या.

पासपोर्टची मुदतही बघा. ती संपत आली असेल तर परवाना बहुधा तेवढ्यापुरताच मिळतो. भारतीय दूतावासात नूतनीकरण करताना पडताळणी सोलापूरच्या पत्त्यावर येऊ शकते. पोलीस ठाण्यातून फोन आला तर घाबरू नका, कागद घेऊन जा.

आणि मुदत खरोखरच उलटली असेल, तर लपवू नका. कॅनडात राहण्याचा कायदेशीर दर्जा परत मिळवण्यासाठी ९० दिवसांत अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. अशा वेळी लवकर करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याऐवजी, त्याच देशातला परवानाधारक वकील त्याच आठवड्यात गाठावा.