जुनी टाचदुखी: इंजेक्शन, शॉकवेव्ह की दुर्बीण?

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला चमक मारते. दहा-वीस पावलांनी ती ओसरते आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. असं असेल तर बहुतेक वेळा दुखणं तळपायाच्या पट्ट्याचं, म्हणजे प्लांटर फॅशियाचं असतं. एक्स-रेत दिसणारं ‘वाढलेलं हाड’ न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं, म्हणून नुसतं हाड दिसलं की ते काढायचा आग्रह धरू नका. सोनोग्राफीत पट्टा 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर निदानाला बळकटी मिळते.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. जळजळ किंवा मुंग्या असतील तर नस तपासायला हवी. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. या तिन्ही ठिकाणी खालचे उपाय चुकीचे ठरतात.

सुईआधी किमान तीन महिने व्यायाम नेटाने करा. पाय जमिनीला टेकवण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला की पट्टा ताणलेल्या दोरीसारखा लागला पाहिजे. तसा लागत नसेल तर ओढ कमी पडते आहे. 10 सेकंद धरायचं, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच उचला: 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. अशा 12 च्या तीन फेऱ्या. सोबत ओट्यापाशी अनवाणी उभं राहणं बंद, घरातही मऊ चप्पल. बहुतेकांची टाच सहा ते बारा महिन्यांत एवढ्यावरच बरी होते. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडला, की मग इंजेक्शनची घाई होते.

तरीही दुखत राहिलं तर आमच्या मते आधी शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने टाचेवर बाहेरून दिलेले दाबलहरींचे ठोके, कारण त्यात आत काहीच टोचावं लागत नाही. साधारण आठवड्याच्या अंतराने तीन बैठका, प्रत्येकीत सुमारे 2000 ठोके. दुखऱ्या जागेवर नेमकं यंत्र यावं म्हणून ‘इथेच दुखतं’ हे तुम्ही सांगत राहायचं. भूल घेऊन केलं तर परिणाम कमी होतो, म्हणून सोसेल तेवढीच ताकद हळूहळू वाढवतात. गुण यायला अनेक आठवडे लागतात. गरोदरपणात, तसंच रक्तस्रावाचा आजार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर हे टाळतात.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर मिळतो, पण बहुधा महिनाभरच टिकतो. वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, आणि ती पुन्हा तयार होत नाही. पट्टा तुटण्याचाही धोका असतो: चालताना अचानक ‘कट’ झालं आणि तळव्यावर निळा डाग उमटला, तर लगेच दाखवा. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वारंवार तपासा, ती वाढते. इंजेक्शन सोनोग्राफीत बघून द्यायला सांगा, आणि दुखणं थांबलं म्हणून दोन आठवडे तरी धावू नका.

पीआरपीत तुमचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग पट्ट्यात सोडतात. आधी आठवडाभर आणि नंतरही काही दिवस सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद ठेवायला सांगतात, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामात आडव्या येतात. मात्र हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. पहिले दोन-तीन दिवस टाच आधीपेक्षा जास्त दुखते. खरा फरक सहा ते बारा आठवड्यांनी.

सहा-बारा महिने सगळं करूनही चालणं अवघडच असेल, तेव्हाच दुर्बिणीतून पट्टा सैल करण्याचा विचार. यात छोट्या छेदातून पट्ट्याचा फक्त आतल्या बाजूचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा कापतात. त्याहून जास्त कापला तर पायाची कमान खचते आणि दुखणं पावलाच्या बाहेरच्या कडेला सरकतं. म्हणून किती कापणार, हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या.