घरच्या घरी स्क्रीन प्रिंट टी-शर्ट: वीस-पंचवीस पीस, एक रंग, कमी खर्च

पंधरा-वीस टी-शर्ट छापून घ्यायला प्रिंटिंगवाल्याकडे गेलं की पहिला प्रश्न हाच, किती पीस? पन्नासच्या खाली सांगितलं की भाव एकदम चढतो, आणि त्यात त्याची लबाडी काही नसते, स्क्रीन (फ्रेमवर ताणलेली जाळी, जिच्यातून शाई कापडावर उतरते) बनवायचा आणि सेटिंगचा खर्च दहा पीसला पण तेवढाच आणि पाचशेला पण तेवढाच. म्हणून छोटं मंडळ, नवीन ढोलपथक, सोसायटीची क्रिकेट टीम, ट्रेकचा ग्रुप असं काही असेल तर एकरंगी डिझाईन घरी छापणं खरंच परवडतं आणि नीट केलं तर दुकानाच्या तोडीचं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, फ्रेम आणि जाळी यात हवी तेवढी काटकसर करा, कापड, शाई आणि इस्त्री या तिघांत अजिबात करू नका.

आधी टी-शर्ट. शंभर टक्के कॉटन, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) आसपासचा, होलसेलवाल्याकडे बायोवॉश म्हणून मिळतो तो, बहुतेक माल तिरुपूरचाच असतो. ड्रायफिटच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या मोहात पडू नका. पॉलिएस्टरचा रंग गरम केला की वर येऊन शाईत उतरतो, लाल ड्रायफिटवर पांढरं छापलं तर दोन दिवसांनी ते गुलाबी दिसायला लागतं. आणलेले टी-शर्ट एकदा साध्या पाण्यातून काढून वाळवून घ्या, नवीन कापडावरचा कांजीसारखा थर निघून जातो आणि जे काय आटायचं ते छपाईच्या आधी आटतं. साईझची यादी करताना एक-दोन टी-शर्ट जास्तीचे धरा, शेवटच्या क्षणी एक्सएल वाला नवीन मेंबर येतोच.

फ्रेमसाठी सुताराकडून दीड इंची पट्ट्या घ्या, ए-फोर डिझाईनला आतलं माप १२ बाय १६ इंच ठेवा म्हणजे चारी बाजूंनी शाई खेळायला साधारण दोन इंच जागा राहते. लाकडाला वॉर्निशचा एक हात मारा नाहीतर पाण्याने फुगून वाकडं होतं. जाळी म्हणून पडद्याचं ऑर्गंझा चालतं, पण स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणारं दुकान जवळ असेल तर बोल्टिंग क्लॉथ, म्हणजे छपाईची खास जाळी घ्या, सेंटीमीटरला ४३ धाग्यांचं. लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जुनी फ्रेम मागायची आयडिया सगळ्यांनाच सुचते, फ्रेम जरूर घ्या पण जाळी बदला. पत्रिकेची जाळी खूप बारीक असते, कापडाची शाई तिच्यातून नीट उतरत नाही आणि भोकं बुजतात. ताणताना समोरासमोरच्या बाजूंना मधोमध एकेक स्टेपल मारा, मग कोपऱ्यांकडे जा, आणि टिचकी मारल्यावर ताशासारखा आवाज आला पाहिजे इतकी ताणा. जाळी सैल राहिली की अक्षरांच्या कडा फाटतात, मग शाई कितीही भारी वापरा. शेवटी भांड्याच्या साबणाने जाळी घासून धुवा, हाताचं तेल राहिलं तर पुढे स्टेन्सिल (डिझाईनच्या आकाराची भोकं असलेला थर) चिकटत नाही.

आता स्टेन्सिल, आणि इथे माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वेळी इमल्शन-केमिकलच्या (जाळीवर लावून उजेडाने स्टेन्सिल बनवायचं रसायन) भानगडीत पडू नका. इमल्शनला उजेड लागू व्हावा म्हणून त्यात घालायचं स्वस्तातलं सेन्सिटायझर म्हणून जे बायक्रोमेट मिळतं ते आरोग्याला खरंच घातक असतं, ते घरच्या मोरीत धुवायची गोष्ट नाही. पुढे कधी फोटोसारखं बारीक डिझाईन करायचं झालं तर बायक्रोमेटऐवजी डायझो हे सेन्सिटायझर असलेलं इमल्शन घ्या, सध्या तरी गाड्यांवर स्टिकर लावून देणारा रेडियमवाला गाठा. त्याच्याकडे कटिंग प्लॉटर, म्हणजे स्टिकर कापायचं मशीन असतं, तुमची फाईल दिली की तो साध्या विनाईल स्टिकरवर शंभर-दीडशेत कापून देतो. फक्त त्याला तीन गोष्टी दोनदा सांगा कारण पहिल्या दोन त्याच्या रोजच्या कामाच्या बरोबर उलट्या आहेत. डिझाईन मिरर करून काप, कारण स्टिकर जाळीच्या खालच्या बाजूला, म्हणजे कापडाकडच्या बाजूला लागणार आहे. अक्षरं काढून टाक आणि भोवतालचा भाग ठेव, शाई अक्षरांच्या भोकांतूनच जाणार आहे. आणि वर ट्रान्सफर टेप (कापलेला स्टिकर अख्खा उचलून लावायची टेप) लावून दे, म्हणजे व, ब, क मधले ते छोटे पोटातले तुकडे जागच्या जागी राहतात. साध्या कागदी स्टेन्सिलला हे तुकडे धरून ठेवायला मधे पूल सोडावे लागतात आणि देवनागरी अक्षर पार बिघडून जातं, इथे जाळीच ते तुकडे धरते, म्हणून सुलेखनाच्या वळणाचं अक्षर पण सुंदर येतं. रेघ दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, विशेषतः अनुस्वार आणि रफार जरा जाडच काढा, घाईत तेच आधी निसटतात.

स्टिकर जाळीवर लावला की आतून चमच्याच्या पाठीने सगळीकडे घासा, मग ट्रान्सफर टेप एकदम तिरकी, सावकाश काढा. स्टिकरची कड आणि फ्रेम यांच्यातली उघडी जाळी ब्राऊन टेपने बंद करा, दोन्ही बाजूंनी. असा स्क्रीन पंचवीस-तीस पीस आरामात काढतो.

शाई वॉटरबेसच, म्हणजे पाण्याच्या आधारावरचीच घ्या, कापडावरची. सुटं घ्यायचं तर बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा), पिगमेंट (मूळ रंग) आणि फिक्सर (प्रिंट पक्कं करणारा) असं तिन्ही मिळतं, एक किलो बाइंडरला ३० ते ५० ग्रॅम पिगमेंट आणि १०-२० ग्रॅम फिक्सर हे साधारण प्रमाण, पण दुकानदार त्याच्या मालाचं जे प्रमाण सांगेल ते पाळा, आणि फिक्सर घातलेली शाई त्याच दिवशी संपवा. पोस्टर कलर नको, पहिल्याच धुण्यात जातो. काळ्या टी-शर्टवर पांढरं किंवा भगवं हवं असेल तर साधं पिगमेंट दिसतच नाही, त्यासाठी खादी म्हणून घट्ट अपारदर्शक शाई मिळते ती मागा.

छापायची जागा म्हणजे एक सपाट टेबल किंवा प्लाय. फ्रेम त्याला दोन बिजागऱ्यांनी जोडली तर प्रत्येक टी-शर्टवर प्रिंट एकाच जागी येतं, हा पन्नास-साठ रुपयांचा खर्च जरूर करा. टी-शर्टच्या आत पुठ्ठा घाला नाहीतर शाई पाठीवर उतरते. गळ्यापासून चार बोटं खाली डिझाईनची वरची कड. फ्रेमच्या खाली कोपऱ्यात दोन नाणी एकावर एक चिकटवा, जाळी कापडाला टेकून न राहता थोडी वर राहिली पाहिजे, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) जिथून जाईल तिथेच जाळी टेकते आणि लगेच सुटते, कडा स्वच्छ येतात त्या यामुळेच.

स्क्वीजी डिझाईनपेक्षा दोन बोटं रुंद घ्या. शाई वरच्या कडेला ओळीत घाला, फ्रेम किंचित उचलून हलक्या हाताने शाई खाली ओढून भोकं भरून घ्या, मग फ्रेम टेकवा आणि स्क्वीजी साधारण ४५ अंशात तिरकी धरून एका दमात, एकसारख्या जोराने ओढा. खादी शाईला दोनदा ओढावं लागतं, आणि तरी पातळ वाटलं तर हेअर ड्रायरने हाताला लागणार नाही इतपत सुकवून वरून अजून एक हात द्या, मात्र टी-शर्ट जराही हलू द्यायचा नाही. आधी वर्तमानपत्रावर, मग जुन्या बनियनवर ट्रायल, मगच खरा टी-शर्ट. मधे चहाला उठायचं असेल तर भोकं शाईने भरून ठेवून उठा आणि पाच मिनिटांत परत या, वॉटरबेस शाई पंख्याखाली जाळीतच सुकते आणि एकदा सुकली की जाळी फुकट. छपाई चालू असताना पंखा बंदच ठेवा, घाम आला तरी.

दोन जण पाहिजेतच. एकाचे हात शाईचे, दुसऱ्याचे कोरडे, तो टी-शर्ट घालणार, काढणार आणि हँगरला लावणार. घडी नाही घालायची. रात्रभर वाळू द्या, श्रावणातल्या दमट हवेत कोकणात वगैरे असाल तर दोन दिवस.

आणि आता इस्त्री, इथेच बहुतेकांचं काम फसतं कारण प्रिंट हाताला सुकलेलं लागतं आणि वाटतं झालं. पिगमेंट स्वतःहून कापडाला धरत नाही, त्याला धरतो बाइंडर, आणि बाइंडर पक्का व्हायला साधारण १५० डिग्री उष्णता काही मिनिटं मिळावीच लागते. वाफ बंद, कॉटनचं सेटिंग, प्रिंटवर बटर पेपर, आणि प्रत्येक भागावर तीन-चार मिनिटं दाबून, जळू नये म्हणून जरा जरा सरकवत. मग उलट बाजूने पण एकदा. ए-फोर प्रिंटला सात-आठ मिनिटं जातात, म्हणजे पंचवीस टी-शर्टला तीन तास इस्त्री, हे वेळापत्रकात धरा. कंटाळा येत असेल तर मगवर फोटो छापून देणाऱ्या दुकानात हीट प्रेस असतो, १६० डिग्रीला दोन-अडीच मिनिटं दाबून द्यायचे पीसमागे थोडे पैसे घेतात, माझ्या मते ते पैसे वसूल आहेत.

पक्कं झालं का हे बघायला ओलं पांढरं फडकं प्रिंटवर जोरात घासा. रंग उतरला तर परत इस्त्री, उतरला नाही तर वाटायला घ्या, आणि देताना प्रत्येकाला सांगा की तीन दिवस धुवायचा नाही, नंतर उलटा करून गार पाण्यात, आणि प्रिंटवर ब्रश मारायचा नाही.