इतवारीत स्टीलची भांडी घ्यायला जाताय? आधी नंबर विचारा

उन्हाळ्याआधी पाण्याची कोठी बदलायची असेल किंवा घरात लग्न निघालं असेल तर नागपूरच्या इतवारी बाजारात जायच्या आधी एवढं वाचून जा, कारण दुकानात सगळ्याच भांड्यांना 'स्टील आहे ना ताई, गंजत नाही' असं सांगतात आणि ते खरं नाही. आमची कोठी दुसऱ्याच पावसाळ्यात तळाच्या जोडावर तांबूस झाली, आई म्हणे बोरचं पाणीच खराब, पण त्याच पाण्यात शेजारच्या काकूंची जुनी कोठी अजून चकाचक आहे.

स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक थर बनतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ, आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नये म्हणून प्रयोग करत होते, १९१३ मध्ये त्यांनी १२.८ टक्के क्रोमियमचं स्टील बनवलं आणि पुढे त्याच्या सुऱ्या निघाल्या. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप या पोलाद कंपनीत स्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियमसोबत निकेलही घातलं, आपल्या आजच्या भांड्यांचं मूळ तिथलं.

आता नंबर, म्हणजे स्टीलचा ग्रेड. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणूनच १८-८ म्हणतात. निकेल महाग, म्हणून २०१ आणि २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात, दिसायला डिट्टो सारखं पण गंजाला कमी टिकतं. ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच सगळ्यात चांगलं टिकतं, पण रोजच्या वरण-भाताच्या गंजाला (म्हणजे पातेल्याला) एवढा खर्च करायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतंच, त्याला लोहचुंबक चिकटतं म्हणून इंडक्शनच्या भांड्यांना बाहेरून तेच लावतात. सुऱ्यांचं ४२० वेगळं, धार छान धरते पण ओलं ठेवलं की डाग.

लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका. बरेच जण खिशात चुंबक घेऊन जातात, चिकटलं नाही की ३०४ समजून घेऊन येतात, पण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, आणि उलट अस्सल ३०४ सुद्धा दाबून वाकवलेल्या काठाला थोडं चिकटतं. मोठी खरेदी असेल तर ड्रॉप टेस्ट करून मागा, केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावतात, लाल झालं की मँगनीज जास्त म्हणजे २०० वालं. भांड्यावर आयएसआय मार्क बघा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्याच, तोंडी ३०४ म्हणणारा लिहून द्यायला का-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

पैसे कमी असतील तर सगळं ३०४ घेऊ नका. ताटं-वाट्या, कोरडे डबे, कोपर (परात) २०२ चे चालतात, धुऊन पुसून ठेवायचे एवढंच. जिथे पाणी, मीठ, आंबट दिवसभर राहतं, म्हणजे कोठी, दुधाचा गंज, कढीचं पातेलं, तिथे ३०४ च घ्या. कोठीचे जोड आतून हात फिरवून बघा, वेल्डिंगजवळ काळं-निळं राहिलं असेल तर गंज तिथूनच सुरू होतो.

वापरताना मिठाची काळजी घ्या. थंड पाण्यात मीठ टाकलं तर ते तळाशी बसतं आणि तिथे बारीक खड्डे पडतात, म्हणून उकळी आल्यावर टाका. लोणचं बरणीतच बरं. ब्लीच आणि संडासचं ॲसिड स्टीलला लावूच नका, दोन्हीत क्लोराईड असतं आणि तो पातळ थर तेच खातं. लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यात रुततात आणि मग तेच गंजतात, लोक मात्र भांड्याला दोष देतात. बोरच्या पाण्याचा पांढरा थर निंबू लावून थोडा वेळ ठेवला की निघतो, छोटा तांबूस डाग असेल तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट मऊ फडक्याने घासा, मग स्वच्छ धुऊन लगेच कोरडं करा.