घाटातली धाव आणि गोळ्यांचा भरवसा: या चुका टाळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की पहाटे यवतेश्वर घाटात पळणारे वाढतात. सोबत गप्पाही सुरू होतात, कोण कुठली अँटिऑक्सिडंट गोळी घेतो याच्या.

पहिली चूक इथंच होते. जोरात पळताना स्नायूंत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे रेणू, वाढतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना आवर घालतात, हे खरं. पण हाच ताण शरीराला स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स आणि नवी मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) बनवायला लावतो. 2009 च्या एका जर्मन प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. त्यातल्या निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 400 युनिट ई दिलं होतं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला दाद देऊन रक्तातली साखर वापरायची शरीराची क्षमता, सुधारली, घेणाऱ्यांची नाही! नॉर्वेच्या 2014 च्या प्रयोगात मात्र गोळ्यांमुळे दमसास घटला नाही. फक्त गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रिया वाढल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. म्हणजे गोळी विष नाही, पण सरावाच्या दिवसांत मोठा डोस कशाला? मॅरेथॉनपटू, स्कीपटू आणि सैनिकांवरच्या प्रयोगांत रोजच्या 250 ते 1000 मिलिग्रॅम सी मुळे सर्दी कमी झाल्याचं दिसलंय, आणि त्यातलं 250 मिलिग्रॅम एका मोठ्या पेरूत मिळतं.

दुसरी चूक म्हणजे लांब धाव उपाशीपोटी. दीड तासापुढे पळायचं असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक फार चढत नाही. महागडं जेल कशाला, तासगावचे 50 ग्रॅम बेदाणे खिशात टाका. आधी सरावात खाऊन बघा, पोट कुरकुरलं तर थोडे थोडे घ्या.

शर्यतीनंतर सर्दी-खोकला होतोच? 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात 12.9 टक्के धावपटूंनी आजारपण सांगितलं. नाव नोंदवून न पळालेल्यांत ते 2.2 टक्के होतं. दोष फक्त पळण्याचा नाही. प्रवास, गर्दी, अपुरी झोप हेही त्यात आलं. एकच बाटली चौघांत फिरवणं तर बंदच करा.

ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असताना ‘घाम गाळून बरं होऊ’ म्हणत घाट चढू नका. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं पळायला हरकत नाही.

रोज उठल्याउठल्या नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा चढी राहिली, पाय जड वाटले, झोप बिघडली, तर आठवडाभर अंतर निम्मं करा. तरीही फरक नाही पडला, तर नवी पावडर आणण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायचं का ते विचारा.